पनवेलच्या माळ्यावरची आफ्रिका

आफ्रिकेला जायचं तर काय काय लागतं? व्हिसा, यलो फीवरचं इंजेक्शन, दोन आठवड्यांची रजा (जी बॉस देणार नाही) आणि क्रेडिट कार्डाचं तगडं लिमिट. मी गेले तेव्हा यातलं काहीही जवळ नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी सीएसएमटीवरून पनवेल लोकल पकडली, मानखुर्दपर्यंत उभी, वाशीला एकदाची खिडकी मिळाली. पनवेलला उतरून रिक्षा, टपाल नाका, मग दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल अशी एक गल्ली. गल्लीत कौलारू घर, घरात लाकडी जिना, जिन्याच्या वर माळा. पोचले!

तशी ही ट्रिप कामाचीच होती. घर सजवताना ‘आफ्रिकन लुक’ आणायची सध्या क्रेझ आहे, त्यावर एक मस्त चटपटीत फीचर करायचं होतं. मुखवटे, लाकडी जिराफ, रंगीत टोपल्या, वगैरे वगैरे. विषयाशी माझं नातंही जुनं. पहिल्या मानधनातून मी एक ‘अँटिक आफ्रिकन मास्क’ विकत घेतला होता, साडेतीन हजारांना, भरपूर घासाघीस करून. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला काळा ओघळ आला. नाक जवळ नेऊन हुंगलं तर बूटपॉलिशचा वास. दुकानाचं नाव सांगत नाही, आणि तसंही चूक माझीच होती. तेव्हा म्हटलं, लिहायच्या आधी नीट शिकावं. शिकायचं कोणाकडे? तर आत्याकडे.

माझी आत्या पंधरा वर्षं नैरोबीत राहिली. काका तिथे एका इंजिनीअरिंग कंपनीत होते, १९६९ ते १९८४, मधली दोन वर्षं दार-ए-सलाममध्ये. दर रजेला येताना एक वस्तू आणायचीच, हा काकांचा नियम. सुरुवातीच्या वस्तू बोटीने आल्या. ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘करांजा’ नावाची बोट १९७६ पर्यंत मुंबई आणि पूर्व आफ्रिकेदरम्यान धावायची. आठ-दहा दिवसांचा प्रवास, आणि डेकवर अर्धं गुजरात. उरणचं करंजा माहीत असलेल्या आत्याला त्या नावाची फार गंमत वाटायची. “घरापासून इतक्या लांब जायचं आणि बोटीवर नाव मात्र शेजारच्या गावाचं.”

काका जाऊन तीन वर्षं झाली. आता घर जातंय. बिल्डरशी करार झालाय, महिनाअखेर जागा रिकामी करायची. आत्या नवीन पनवेलला वन बीएचकेमध्ये भाड्याने राहणार आणि टॉवर उभा राहिला की परत येणार. कधी, ते बिल्डरला ठाऊक. माळ्यावरचं सगळं त्या फ्लॅटमध्ये मावणं शक्यच नव्हतं. एक जुन्या सामानाचा व्यापारी येऊन बघून गेला होता. सगळ्या लॉटचे अठरा हजार, टेम्पो त्याचा. त्याला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. म्हणजे माझ्याकडे होता एक वीकेण्ड.

पनवेल म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? गोव्याला जाताना एसटीचा थांबा, पळस्पे फाट्यावरचा वडा, एक्स्प्रेस वेची सुरुवात. फार तर नव्या विमानतळाच्या जाहिराती. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडू लागली आणि आत्याच्या गल्लीतल्या चार घरांवर एका महिन्यात बोर्ड लागले. पण जुनं पनवेल हे बंदराचं गाव. नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे देशातल्या अगदी जुन्यांपैकी. खाडीतून गलबतं यायची, घाटावरून बैलगाड्या उतरायच्या. जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलची ओळख आहे ती बैलगाडीची चाकं बनवणारं गाव म्हणून! देशावरचा गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊनच परत फिरायचा म्हणे. कापड बाजार, बंदर रोड, लाईन आळी ही नावं अजून आहेत. बेने इस्राएल लोकांचं बेथ एल सिनेगॉग आहे. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या गावात लांबच्या वस्तू यायच्याच. काकांनी आणल्या तेव्हा गल्लीत कोणाला फारसं नवल वाटलं नव्हतं, असं आत्या सांगते. जिराफ कोणत्या बाजूने आत घ्यायचा यावर मात्र सगळ्यांनी सल्ले दिले.

“करीबू,” आत्या जिन्यातून म्हणाली. स्वाहिलीत ‘या, बसा’. चहाला तिकडेही चायच, चपातीला चपातीच, दुकानाला ‘दुका’ आणि गाडीला ‘गारी’. आत्याचं म्हणणं, अर्धी स्वाहिली आपल्याला आधीच येते, उरलेली बाजारात येते.

माळ्यावर काय होतं, ते थोडक्यात सांगणं अवघड आहे. शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाच्या गुलाबी-पांढऱ्या वाट्या आणि पाणघोडे. हा दगड केनियात किसी भागातल्या टबाकाचा. नखाने ओरखडा उठावा इतका मऊ, म्हणून कोरायला सोपा आणि टेम्पोत टाकायला अवघड. घायपाताच्या दोऱ्याच्या ‘किओंडो’ टोपल्या, ज्यातली एक आत्याने चाळीस वर्षं बाजाराची पिशवी म्हणून वापरली आणि अजून एक धागा सुटलेला नाही. (मॉलमध्ये अशाच दिसणाऱ्या टोपलीवरचं लेबल बघून या. मग बोलू.) तीन कांगा. कांगा म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील कापड. त्याची खरी मजा खालच्या ओळीत. प्रत्येक कांग्यावर एक वाक्य छापलेलं असतं, म्हण, टोमणा किंवा प्रेमाची कबुली. सासूला बोलता येत नसेल तर योग्य कांगा नेसून समोरून जायचं. काय आयडिया आहे! आत्याच्या एका कांग्यावर होतं, ‘हबा ना हबा हुजाझा किबाबा’. थोडं थोडं करून माप भरतं. आपलं थेंबे थेंबे तळे साचे. यातले कितीतरी कांगा भारतात छापून तिकडे जायचे, हे आत्याला तिकडच्याच दुकानदाराने सांगितलं होतं.

मग काळ्या लाकडाच्या मूर्ती. इथे मी मोबाईल काढला आणि संग्रहालयाच्या कामात असलेल्या एका मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला.

सगळे ज्याला ‘एबनी’ म्हणून विकतात ते पूर्व आफ्रिकेत बहुतेक वेळा ‘म्पिंगो’ असतं. क्लॅरिनेट आणि ओबो ही वाद्यं बनतात ते हेच लाकूड. गाभा काळा-जांभळा आणि कडेचा भाग पिवळसर, म्हणून खऱ्या मूर्तीवर कुठेतरी तो फिकट पट्टा सापडतो. आणि ते इतकं जड की पाण्यात बुडतं. मैत्रीण पुढचं वाक्य बोलायच्या आत आत्या बादली भरून घेऊन आली होती. पहिली मूर्ती टाकली. बुडाली. दुसरी बुडाली. तिसरा, एक भालेवाला मसाई योद्धा, ऐटीत तरंगत राहिला आणि पाणी हळूहळू चहासारखं झालं. “हा विमानतळावर घेतलेला,” आत्या म्हणाली, “घाई होती.” फोनमधून मैत्रीण ओरडत होती की जुनं कोरीवकाम असं पाण्यात बुडवतात का, काढा आधी बाहेर. तेव्हा तुम्ही हा प्रयोग घरी करू नका. हातात घेऊन वजन बघा, बुडाशी कुठे रंगाचा ओघळ आहे का बघा, पुरे.

बुडालेल्यांतली एक मूर्ती फार विचित्र होती. एक डोळा, वळलेलं अंग, पोटातून निघालेला हात. लहानपणी मी तिला घाबरायचे. हा माकोंडे लोकांचा ‘शेतानी’. शब्द आपल्या ओळखीचाच. माकोंडे मूळचे मोझांबिक-टांझानियाच्या सीमेवरचे. दारमध्ये मोहम्मद पीरा नावाचे भारतीय वंशाचे एक विक्रेते होते. १९५० च्या दशकात सामाकी नावाच्या कारागिराच्या हातून असली भुताटकीची शैली जन्माला आली, ती या पीरांनी उचलून धरली, आणि पुढे ती जगभरच्या संग्रहात गेली. म्हणजे जिला आपण ‘प्राचीन आदिवासी कला’ समजतो ती आपल्या आई-बाबांच्या वयाची आहे, आणि तिच्या बारशाला एक देशी दुकानदार हजर होता. मला तर हे कुठल्याही शंभर वर्षांच्या मूर्तीपेक्षा भारी वाटलं.

पण मुखवट्याचं काय? हॉलमध्ये दरवाजावर टांगलेला तो मुखवटा म्हणजे आमच्या घराण्यातली दंतकथा. काका सांगायचे, तो एका टोळीच्या राजाचा, युद्धावर जाताना घालायचा, आणि त्याने तो काकांना मोटार दुरुस्त करून दिल्याबद्दल भेट दिला. आम्ही सगळी भावंडं यावर वाढलो. मैत्रिणीने आधी मुखवटा उलटा करून दाखवायला सांगितलं. हा खरा फंडा आहे, लक्षात ठेवा. समोरची बाजू कोणीही जुनी करू शकतं, मागची बाजू खोटं बोलत नाही. खरंच नाचात वापरलेला मुखवटा आतून गुळगुळीत झालेला असतो. कपाळ, नाक, हनुवटी जिथे टेकते तिथे घामाने काळपट होतो. कडेला भोकं असतात, तिथे गवताची झालर किंवा कापड बांधायचं. आमच्या मुखवट्याच्या आत पटाशीचे ताजे टवके होते, भोक एकच, वरती, खिळ्याला अडकवायचं. डोळ्यांना तर भोकंच नव्हती. युद्धावर जाणारा राजा आंधळा कसा?

शिवाय, ती म्हणाली, मुखवट्यांची मोठी परंपरा आहे ती पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत. आयव्हरी कोस्ट, लायबेरिया, गॅबन, काँगो. १९०७ मध्ये पॅरिसच्या म्युझियममध्ये पिकासो जे बघून हादरला ते तिकडचे. केनियात तशी परंपरा नाही. तिथे दुकानांत मिळतात ते प्रवाशांसाठी कोरलेले, आणि त्यात पटाईत कांबा लोक.

आत्या गप्प बसली. मला वाटलं तिला वाईट वाटलं. ती उठली, देवघराखालच्या कपाटातून एक निळी वही घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली. काकांचं अक्षर. तारीख, ठिकाण, वस्तू, कोणाकडून, किंमत शिलिंगात. एकूण सत्तावीस नोंदी. नववी नोंद, १९७१: ‘वामुन्यू, माचाकोसच्या पुढे. मुखवटा. रस्त्याकडेला झाडाखाली बसून कोरत होता. अर्धा दिवस थांबलो. ३० शिलिंग. मुलांना राजाचा सांगायचा.’

शेवटच्या वाक्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडे फोनवर मैत्रिणीला कळेना काय झालं.

वामुन्यू हे नाव ऐकून ती मात्र सावरून बसली. कांबांची लाकूडकामाची सगळी इंडस्ट्री तिथूनच सुरू झाली. मुतिस्या मुंगे नावाचा एक माणूस पहिल्या महायुद्धात टांगानिकात गेला, तिथल्या कारागिरांकडून कोरायला शिकला आणि परत येऊन गावात बसून कोरू लागला. त्याचं बघून शेजारी, मग सगळा परिसर. म्हणजे आमचा मुखवटा राजाचा नाही, पण आंधळेपणाने केलेली शॉपिंगही नाही. कोणी केला, कुठे, कधी, कितीला, हे लेखी आहे. मैत्रीण म्हणाली, व्यापाऱ्याला हवं तर जिराफ दे, वही देऊ नकोस. वस्तूमागची अशी साखळी नसली तर मोठमोठ्या लिलावात माल अडतो. आणि हो, व्यापाऱ्याने ती वही उघडूनही बघितली नव्हती.

ही साखळी का महत्त्वाची, ते जगाला बेनिनमुळे कळलं. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर लुटलं आणि हजारो पितळी-काशाचे पट आणि मुखवटे युरोपभर विखुरले. जर्मनीने २०२२ मध्ये आपल्याकडच्या पुष्कळ वस्तूंची मालकी नायजेरियाला परत दिली, नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत केल्या. आपल्याला ही भावना नवी नाही. २०२४ मध्ये वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी आली तेव्हा साताऱ्यात काय गर्दी झाली होती आठवा. उसनी हं!

शनिवारी दुपारी पेटी खाली उतरवली. चार माणसं लागली. काळपट शिसवी लाकूड, वर पितळी पत्रे आणि पितळी चुकांची नक्षी, खाली तीन कप्पे, भलामोठा कोयंडा. वहीत: ‘मोंबासा, जुनं शहर, १९७४. झांझिबारी पेटी. ४५० शिलिंग.’ अरबी व्यापारी वापरायचे त्या झांझिबार चेस्ट. डेकोर मॅगझिनमध्ये बघितल्या असतील, काच टाकून सेंटर टेबल केलेल्या. आता गंमत ऐका. ‘झांझिबारी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पेट्या पुष्कळदा बनायच्या मुंबईत, सुरतेत आणि मलबारात. इथून गलबतात चढायच्या आणि मान्सूनच्या वाऱ्यावर तिकडे जायच्या. झांझिबारच्या त्या फेमस दरवाजांवरचे पितळी खिळेही आपल्याकडचेच वळण. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दाराला लावायचे ते. म्हणजे काकांनी बोटीचं भाडं भरून जी आफ्रिका घरी आणली ती कदाचित शेजारच्याच बंदरातून गेलेली. पनवेलच्या सुताराने चाकांतून सवड काढून ती केली, असं मानायला मला फार आवडेल. पुरावा शून्य.

पेटीवर आत्येभावाचा डोळा. तो न्यू जर्सीत असतो. शनिवारी रात्री त्याचा फोन आला, शिपिंगचे पैसे मी देतो, पेटी पाठवा. मला तोवर थोडंफार कळलं होतं, म्हणून मध्येच तोंड घातलं. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. मग ती बाहेरून आलेली का असेना. पेटी तेवढी जुनी नाही असं पुरातत्त्व खात्याकडून लिहून घ्यावं लागेल, आणि ती तेवढी जुनी नाही हे कोण सांगणार? काकांनी ती जुन्या शहरातून जुनी म्हणूनच घेतली होती.

“बरं, पेटी राहू दे,” दादा म्हणाला. “मला माझे हत्ती द्या.”

इथे खरी अडचण सुरू झाली.

हत्ती म्हणजे एक वीतभर लांब, पांढरट, कमानीसारखी वस्तू. तिच्यावर ओळीने चालणारे सात हत्ती, पुढे मोठा आणि मागे लहान लहान होत गेलेले. नैरोबीत असताना दादा पाच-सहा वर्षांचा होता, तो यांच्याशी खेळत मोठा झाला. रात्री उशाशी घेऊन झोपायचा. काका विचारणाऱ्यांना सांगायचे, हाडाचे आहेत. मैत्रिणीने बुडाचा सपाट भाग कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. हाड असेल तर बारीक काळे ठिपके दिसतात, रक्तवाहिन्यांच्या वाटा. प्लॅस्टिकला काहीच नसतं. इथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी होती, चटईसारखी. ती जाळी हत्तीच्या सुळ्यात असते. वहीत तर सरळच लिहिलं होतं: ‘नैरोबी, १९७३. हस्तिदंत. २०० शिलिंग.’

१९७३ मध्ये त्यात काही गैर नव्हतं. नैरोबीत ते उघड्यावर दुकानात मिळायचं. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, १९७८ मध्ये असल्या वस्तूंचा व्यापार बंद केला. तरीही आफ्रिकेत १९७९ च्या सुमाराला जे साधारण तेरा लाख हत्ती होते ते दहा वर्षांत सहा लाखांच्या आसपास आले. १९८९ मध्ये केनियाच्या अध्यक्षांनी बारा टन हस्तिदंत स्वतः पेटवून दिलं, टीव्हीवर सगळ्या जगाने बघितलं. त्याच वर्षी जागतिक व्यापारबंदीचा निर्णय झाला. यात आपण नामानिराळे नाही आहोत बरं का. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतलं हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरात उतरायचं. काही पुढे लंडनला जायचं, काहीच्या इथे बांगड्या व्हायच्या. आपल्याकडे १९८६ मध्ये भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकन हस्तिदंताचाही. व्यापारी सुप्रीम कोर्टात गेले, २००३ मध्ये हरले.

आज अशी वस्तू विकता येत नाही आणि भेटही देता येत नाही. वारशाने मिळाली तर नव्वद दिवसांत वनविभागाला कळवावं लागतं. काकांना जाऊन तीन वर्षं झालेली, आणि त्यांनीही कधी मालकीचा दाखला घेतलेला नव्हता. २००३ मध्ये जाहीर करायची मुदत मिळाली होती तेव्हा काका बहुतेक क्रिकेट बघत होते. २०२२ च्या दुरुस्तीत वस्तू आपणहून सरकारजमा करायची सोय आहे, मोबदला काही नाही, पण तीसुद्धा दाखला असलेल्यांसाठी. आमच्याकडे तर जमा करायलाही दाखला नव्हता! ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, वहीची झेरॉक्स जोडा, अर्ज करा, स्वतःहून जाऊन सांगा. लपवू नका, आणि त्या व्यापाऱ्याला तर दाखवूसुद्धा नका.

त्याने ते आधीच बघितले होते. अठरा हजार कशाचे होते, हे मला तेव्हा कळलं.

दादा फोनवर चिडला. “मी डिसेंबरात येतो, हँडबॅगेत टाकतो. खेळणं आहे ते, कोण बघतंय?” आत्या म्हणाली, “तिकडे पकडलास तर तुझ्या ग्रीन कार्डाचं काय?” मग बराच वेळ कोणी बोललं नाही. “आई, ते माझे आहेत गं,” तो म्हणाला. पन्नाशीतला माणूस, दोन मुलांचा बाप. आत्याने “उद्या बोलू” म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद झाला नव्हता.

रविवारी सकाळी तिला बाहेर काढायचं म्हणून मी गाडी ठरवली. मुरुड. पनवेलहून पेण, अलिबाग, रेवदंडा करत निघालं की रमतगमत साडेतीन-चार तास. (वीकेण्डला अलिबागच्या अलीकडे अडकणार, हे धरून चला.) राजपुरीच्या जेट्टीवरून शिडाची होडी, मग जंजिरा. आपण सगळे शाळेच्या सहलीत जातो, कलालबांगडी तोफेवर बसून फोटो काढतो आणि परत येतो. पण आफ्रिकेच्या वस्तू जमवायच्या गप्पा मारताना मला पहिल्यांदाच जाणवलं की आपल्या रायगड जिल्ह्यात एक अख्खं आफ्रिकन वंशाचं राज्य होतं, १९४८ पर्यंत. सिद्दी म्हणजे हबशी. कोणी गुलाम म्हणून आले, कोणी खलाशी, कोणी सैनिक. मलिक अंबर इथिओपियातून विकत विकत इथवर पोचला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याची कबर खुलताबादला आहे. जंजिऱ्याच्या दरवाजाजवळ दगडात कोरलेला एक पशू आहे, पंजांत हत्ती पकडून उभा. आत्या त्याच्यासमोर बराच वेळ थांबली. “इथेही हत्तीच,” एवढंच म्हणाली.

येताना मी तिला कवंदीबद्दल सांगितलं. हल्याळ, यल्लापूरकडे, कर्नाटकाच्या जंगलात सिद्दी बायका गोधड्या शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. जुन्या साड्यांचे, शर्टांचे तुकडे, शिवण कडेपासून सुरू करून फेर धरत मध्यापर्यंत, आणि चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची ‘फुलं’. फुलं नसली तर कवंदी उघडी मानतात. अमेरिकेतल्या संग्रहालयांत त्यांची प्रदर्शनं झाली, संग्राहक त्या विकत घेतात. मला विचाराल तर आफ्रिकन वस्तू जमवायची हौस असेल आणि बजेट आपलं नेहमीचं असेल, तर सुरुवात इथून करा. करणारी बाई जिवंत आहे, पैसे तिला मिळतात, आणि ओघळ येत नाही. आत्याला ते पटलं, पण तिचा मुद्दा वेगळाच. “आपली आजी शिवायची तशीच की. ती कुठल्या म्युझियमात गेली नाही.” खरं आहे. पुण्याला दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, चुली, कंगवे जमवले तेव्हाही लोक हसलेच असतील.

सोमवारी सकाळी व्यापाऱ्याला फोन करून नाही सांगितलं. पेटी नव्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली बसते, आम्ही टेपने दोनदा मोजलं. शेतानी आत्या ठेवणार, कुरिअरवाले फार वेळ दारात थांबत नाहीत म्हणाली. किओंडो चालूच आहे. तरंगणारा मसाई गल्लीतल्या पोरांना दिला. मुखवटा मला मिळाला, मागे नववी नोंद चिकटवून.

मग आम्ही वनविभागाच्या कार्यालयात गेलो. हत्ती जुन्या कांग्यात गुंडाळून आत्याच्या मांडीवर. तिथला माणूस भला होता. त्याने वही चाळली, ३० शिलिंगवाली नोंद वाचून तोही हसला. म्हणाला, अर्ज द्या, पंचनामा होईल, वस्तूचं नीट वर्णन लिहा. मी लिहायला घेतलं. हस्तिदंती कोरीव वस्तू, एक. लांबी अमुक. त्यावर हत्ती, सात.

“सातव्याची सोंड मोडलीय,” आत्या म्हणाली. “तेही लिही. पंच्याहत्तर साली, दादाच्या हातून पडून. मागाहून कोणी म्हणायला नको की ऑफिसात मोडली.”